बायजाक्काला शेत मिळतं

बायजाक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचा एक पाय पाण्यात होता आणि गावचा पाटील तिच्यासमोर गयावया करत होता. पाटातून शेतात पाणी वळवायची जी खिंड असते, तिला त्या बाजूला दार म्हणतात. त्या दारात तिनं आपला उजवा पाय आडवा घातला होता. पाणी पायाला थटून माघारी वळत होतं. लुगड्याचा काष्टा घट्ट, खांद्यावर खोरं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"आवं पाटील, सावली सरली. आता ते पानी तुमचं न्हाई. चिखूल टाका बघू."

"आक्का, येवढी एक सरी भिजू दे की."

"सरीला सांगा, फुडच्या बारीला ये मनावं."

एवढा फेटेवाला पाटील, पण निमूटपणे ओंजळीनं चिखल आणून तिच्या पायाशी थापू लागला. बांध धरला तसा तिनं पाय हळूच काढून घेतला. पदरानं पाय पुसता पुसता तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी कोरेगावाहून मागून आणलेली सायकल धरून उभा, विजार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली.

"कोन रं तू? कुटला?"

"सांगलीचा."

"शेत हाय?"

"नाही."

"भावकीत बी न्हाई?"

"कुठंच नाही."

"मग ये. बस हितं," असं म्हणून तिनं दाराशेजारच्या चपट्या दगडावरची माती हातानं झाडली. शेत नसल्याबद्दल आयुष्यात मला मिळालेला हा एकमेव मान. त्याचा अर्थ पुढं कळला. पाटाखाली ज्याची वीतभर जमीन आहे त्यानं त्या दगडावर बसायचं नाही आणि दाराला हात लावायचा नाही, असा गावचा जुना दंडक होता. पाणी वाटायचं ते ज्याला पाण्याची गरज नाही त्यानं. बायजाक्काचा सासरा बिनशेतीचा, नवरा बिनशेतीचा. म्हणून दार त्या घराकडे. नवरा लढाईत पलटणीबरोबर गेला तो परत आला नाही. मेल्याचं कुणी कळवलं नाही, जिवंत असल्याचंही नाही. तेव्हापासून खोरं तिच्या खांद्यावर आलं. बाईमाणूस पाणी कसं वाटणार, अशी कुजबुज झाली तेव्हा ती चावडीवर जाऊन म्हणाली होती, "दार धराय मिशी लागती व्हय? असंल तर द्या कुनाची तरी, लावते." त्यानंतर कुणी विषय काढला नाही.

मी तिथं गेलो होतो ते पुण्याच्या एका प्राध्यापकांसाठी. शिक्षण सांगलीला विश्रामबागेच्या कॉलेजात झालेलं, नोकरी लागत नव्हती, आणि या प्राध्यापकांना खेड्यातले लोक पाणी कसं वाटून घेतात याचा अभ्यास करायचा होता. लढाई संपली होती. आमच्या भागात एकाच वेळी दोन सरकारं नांदून गेली होती, आणि आता तिसरं येणार असं सगळे म्हणत. अशा दिवसांत प्राध्यापकांनी मला प्रश्न देऊन पाठवलं. पहिलाच प्रश्न होता: पाणीवाटपाचा नियम काय? मला वाटलं, दोन दिवसांत आटोपेल. कसलं काय! मी महिनोन्‌महिने तिथं राहिलो आणि त्या पहिल्या प्रश्नापाशीच गटांगळ्या खात राहिलो.

तसा नियम दिसत होता. दाराजवळ एक उभा दगड आणि त्याच्यापुढं फरशी. फरशीवर रेघा कोरलेल्या. दगडाची सावली या रेघेवरून त्या रेघेवर जाईपर्यंत एका शेताचं पाणी, मग पुढच्याचं. मी म्हटलं, झकास! उन्हाचं घड्याळच की. पण लगेच शंका आली.

"आक्का, ढग आला तर?"

"मग मी हाय की."

"पण मग सावली कशी कळणार?"

"मास्तर, ढग आला तरी सावली चालतीच. दिसत न्हाई येवढंच."

मी मास्तर नव्हतो, हे मी तिला अनेकदा सांगितलं. कागद घेऊन हिंडतो तो मास्तर, यावर ती ठाम होती.

एकदा तिनं वरच्या अंगाच्या एका शेतकऱ्याला सावली सरल्यावरही थोडं पाणी जाऊ दिलं. त्याचं मिरचीचं रोप नुकतंच लावलेलं होतं. मी ताबडतोब टिपून ठेवलं: नव्या रोपाला जादा पाणी. चार दिवसांनी दुसऱ्याचं तसंच रोप, तशीच विनवणी, आणि आक्कानं सरळ पाय आडवा घातला. मी वैतागलो. "अहो, त्याला दिलंत आणि याला नाही? हा कुठला न्याय?"

"त्या दिवशी शेत रडत हुतं, मास्तर. आज मानूस रडतुया."

आता हे मी पुण्याला काय कळवणार? नियम आहे का, तर आहे. पाळतात का, तर पाळतात. मोडतात का, तर मोडतात. आणि मोडला तरी कुणाची तक्रार नाही. पाटाच्या अगदी शेपटाला बापू नावाचा शेतकरी होता. वरचे सगळे पिऊन उरेल ते त्याच्या वाट्याला. पाणी फुकट गेलं तर पहिला मरणार तो. त्याला मी विचारलं, आक्कानं वर जादा पाणी दिलं तर तुम्हाला राग येत नाही? तो म्हणाला, "येतो की. पर तिला इचारून काय हुतंय? तिचं त्यात काय जातंय, का काय येतंय? मग दिलं आसंल काय तरी बघूनच." हे उत्तर मला त्या वेळी अगदी अडाण्यासारखं वाटलं होतं. सगळं कोडं त्यातच सुटलं होतं हे मला फार उशिरा कळलं. आणि कळलं असं तरी छातीठोकपणे कसं म्हणू?

मग आली सोसायटी. पाटात पाणी वळवणारा आमचा बंधारा होता दगडमातीचा. दर पावसाळ्यात वाहून जायचा आणि दसऱ्यानंतर सगळं गाव अंगमेहनतीनं तो पुन्हा घालायचं. पक्का बंधारा हवा, तर सरकारी मदत हवी. मदत हवी, तर रीतसर सोसायटी हवी. गावानं चेअरमन केलं शंकर हवालदाराला. हा लढाईवरून परत आलेला. बायजाक्काच्या नवऱ्याच्या पलटणीतला. उंचापुरा, बोलण्यात निम्मी पलटण. मीटिंगला लोक उशिरा आले की ओरडायचा, "ह्यो काय बाजार हाय? फालिन व्हा समदे!" आणि म्हातारे-कोतारे खरंच रांगेत बसायचे. मनानं मात्र लोणी. बायजाक्काला तो सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त मानत असे.

सोसायटीचे नियम छापील आले. हवालदारानं ते मला चावडीत मोठ्यानं वाचायला लावले. एका कलमाशी आम्ही सगळेच अडखळलो. पाण्याचा निवाडा करणारा माणूस सोसायटीचा सभासद असला पाहिजे. आणि सभासद कोण, तर ज्याची पाटाखाली जमीन आहे तो.

"म्हंजी," पाटील म्हणाले, "शेत आसंल त्यानं पानी वाटायचं?"

"असंच लिहिलंय," मी म्हटलं.

"लिवनाऱ्याचं डोस्कं फिरलंय का काय?"

"आर्डर हाय," हवालदार म्हणाला. "आर्डरफुडं डोस्कं चालवायचं न्हाई." पण त्याचं स्वतःचं डोकं मात्र चालू होतं. घटकाभर तो मिशीला पीळ देत बसला आणि एकदम मांडीवर थाप मारून उठला. "आवं, त्यात काय! आक्काला शेत दिऊया की!"

काय सांगू, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचे चेहरे फुलले. एका दगडात तीन पक्षी: कायदाही राहतो, आक्काही राहते, आणि इतकी वर्षं राबलेल्या बाईचे पांगही फिटतात. पाटलांनी आपल्या मधल्या तुकड्यातली एक पट्टी देऊ केली. कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. मलाही नाही. मी तर भारावून गेलो होतो. माणसांचा चांगुलपणा ओसंडून वाहत असला की त्यातली खोट दिसत नाही, हेच खरं.

नारळ फोडला, लुगडंचोळी दिली. बायजाक्का पट्टीच्या कडेला उभी होती. "मला शेत कशाला रं?" असं ती दोनदा म्हणाली. हवालदार म्हणाला, "आक्का, कायदा हाय. आन् हक्क बी हाय तुजा." मग तिनं वाकून मातीचं एक ढेकूळ उचललं, बोटांनी चुरलं, वास घेतला. नंतर मला हळूच म्हणाली, "मास्तर, दुसऱ्याची माती हाताला लागली की धुवावी वाटती. ही धुवावी वाटंना बग."

तिनं कांदा लावला. आणि तिथून आमच्या गावाला लागलेला घोळ काही केल्या सुटेना.

पहिल्या पाळीला तिनं सगळ्यांना पाणी दिलं आणि स्वतःच्या पट्टीला दिलंच नाही. लोक म्हणाले, आक्का मोठी मनाची. पण एकदोघं म्हणाले, लोकांना दाखवायला असेल. दुसऱ्या पाळीला तिनं स्वतःला सगळ्यांच्या शेवटी घेतलं. तेव्हा बापू कुरकुरला, कारण शेवट त्याचा होता आणि आता त्याच्यामागंही कुणीतरी आलं. तिसऱ्या पाळीला तिनं पट्टीच्या जागेप्रमाणे मधेच, रीतसर, रेघेला रेघ लावून पाणी घेतलं. त्यावर वरचे म्हणाले, आमची सावली आज लवकर सरली बुवा. खालचे म्हणाले, आमची उशिरा लागली. चौथ्या वेळी तिनं मुद्दाम सावली सरायच्या आधीच स्वतःचं दार बंद केलं, तर एक जण म्हणाला, "मनात पाप नसतं तर आधी कशाला बंद केलं आस्तं?"

आता सांगा, काय करावं त्या बाईनं? तीच बाई, तोच दगड, त्याच रेघा, तोच पाय. पण आधी ती नियम मोडायची तरी लोकांना न्याय दिसायचा, आणि आता नियम पाळते तरी चोरी दिसते! मी रोज वहीत काहीतरी लिहायचो आणि संध्याकाळी खोडायचो. प्राध्यापकांना मी लिहिलं, की इथं सर्व काही पूर्वीप्रमाणेच आहे, फक्त काहीच पूर्वीसारखं नाही. त्यांनी उलट टपाली विचारलं, आपली प्रकृती बरी आहे ना?

मग एका सकाळी बापू आपली स्वतःची काठी घेऊन आला. फरशीपासून जरा अंतरावर त्यानं ती रोवली आणि तिच्या सावलीपुढं खडे मांडले. "आक्का, तुमच्यावर इस्वास हाय," तो खाली मान घालून म्हणाला. "पर सावली मी बी बगतो."

आणखी दोन दिवसांत तिथं चार-पाच काठ्या उभ्या राहिल्या. प्रत्येकाची सावली वेगळी, प्रत्येकाचे खडे वेगळे. पाणी वळवायची वेळ झाली की पाचजण पाच बोटं दाखवून ओरडत, आणि तेवढ्या वेळात पाणी नुसतं ओढ्याला मिळे. बापूच्या हरभऱ्यानं माना टाकल्या. ज्याच्या भल्यासाठी काठी रोवली त्याचंच शेत आधी करपायला लागलं. हवालदार येऊन ओरडला, "डिशिप्लिन! डिशिप्लिन कुटं हाय?" पण या वेळी फालिन कुणी झालं नाही.

दुपारी सगळे भाकरीला गेल्यावर ती दगडावर बसून राहिली. मी जवळ गेलो. माझ्या मनात फार काही होतं. लोक कृतघ्न आहेत वगैरे. तिनं मला बोलूच दिलं नाही.

"मास्तर, खरं सांगू का? परवा सावली रेघंला टेकली, आन् माजी नजर माज्या कांद्याकडं गेली."

"मग?"

"मग काय. परत सावलीकडं बगितलं. तवर ती रेघंच्या फुडं हुती. वाईच." तिनं बोटांची चिमूट करून दाखवली. "आता ती मी कांद्याकडं बगाय लागल्यावर फुडं गेली, का आधीच गेलती, ते मला सांगता येत न्हाई. चोरी केली का न्हाई केली, हेच मला कळंना झालंय बग."

मी म्हटलं, "आक्का, तुम्ही कधी चोरी करणार नाही."

ती माझ्यावर खेकसली. "तुला काय ठावं? मलाच ठावं न्हाई!" आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पाटलाला चिखल उचलायला लावणारी बाई अशी रडताना पाहून मीही डोळे पुसले. त्यात लाज कसली?

तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच गाव बोलावलं. काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आक्का शेत परत करणार, पूर्वीसारखी दगडावर बसणार, आणि कलमाचं काय करायचं ते हवालदार पाहून घेणार. पाटलांनी तर पट्टी परत घ्यायची नाही, गावदेवीच्या नावानं सोडायची, असंही ठरवून ठेवलं होतं. बायजाक्का उभी राहिली. खांद्यावरचं खोरं काढून तिनं हवालदाराच्या पुढ्यात ठेवलं.

"ह्ये घ्या. पानी तुमी वाटा. शेत मी ठिवते."

कुणाचाच कानांवर विश्वास बसेना. हवालदार चाचरला. "आक्का, आगं उलटं बोललीस का काय?"

"सुलटंच बोलले. लय वर्सं दुसऱ्याची रानं भिजवली. आता माजं भिजवीन."

चावडीत गलका झाला. बायका तोंडाला पदर लावून कुजबुजू लागल्या. कुणी म्हणालं, मातीची चटक लागली बाईला. कुणी म्हणालं, नवऱ्याच्या मागं म्हातारपणाची सोय नको का? बापू तर रागानं लाल झाला होता. आक्काविरुद्ध पहिली काठी त्यानंच रोवली होती, आणि आक्का दार सोडतेय याचा सगळ्यात जास्त राग त्यालाच आला होता. मला काय वाटत होतं? माझ्या मनातल्या बायजाक्कानं शेत परत केलं असतं. ही कोण होती, मला माहीत नव्हतं.

"मग दारावर बसायचं कुनी?" पाटलांनी विचारलं.

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यो बसंल. ह्याला शेत न्हाई. भावकीत बी न्हाई. मी इचारलंय."

"अहो पण मी सभासद नाही," मी किंचाळलो. "कलमात बसत नाही!"

"कलमात न्हाई, पर दगडावर बसतोस की," ती म्हणाली, आणि त्या सगळ्या तंग वातावरणात लोक खो खो हसले. हवालदारानं मिशीला पीळ दिला. हंगाम सरेपर्यंत तात्पुरती आर्डर, असं त्यानं जाहीर केलं. अशा रीतीनं पाण्याचा अभ्यास करायला आलेला मी पाण्यात पाय घालून बसलो.

मला काही येत नव्हतं. पहिल्या दिवशी दार बंद करताना मी चिखलासकट पाटात पडलो. पण हळूहळू एकेक काठी उपटली गेली. माझ्यात शहाणपण होतं म्हणून नव्हे. मला कुणाच्याच कांद्याशी, हरभऱ्याशी देणंघेणं नव्हतं म्हणून. बापूची काठी सगळ्यांत शेवटी गेली. त्याचा निम्मा हरभरा वाचला.

सगळ्यांत जास्त छळलं कुणी असेल तर ते बायजाक्कानं. तिच्या पाळीला ती आधीपासून बांधावर येऊन उभी. "दार पुरं उगड, मास्तर! झोपलास का?" सावली रेघेला टेकली की म्हणायची, अजून टेकली नाही. शेवटच्या पाळीला तिच्या दोन सऱ्या कोरड्या होत्या आणि सावली सरली. मी चिखल उचलला.

"थांब रं! दोनच सऱ्या हायत!"

"सावली सरली, आक्का."

"न्हाई सरली!"

"सरली."

"मुडद्या! माज्याच दगडावर बसून माजंच पानी तोडतोस?"

मी दार बंद केलं. ती बडबडत, शिव्याशाप देत घरी गेली. खाली बापूच्या शेतात पाणी पोचलं. मला मात्र घास गोड लागला नाही.

कांदा काढणीला आला तेव्हा मी निघणार होतो. भीतभीतच तिच्या रानात गेलो. ती वाकून कांदे उपटत होती. मला पाहून तिनं माझ्या उपरण्यात बांधायला चांगले कांदे निवडून काढले, आणि मग त्या दोन सऱ्यांतले लिंबाएवढे कांदे माझ्या नाकापुढं धरले. "ही बग तुजी करनी."

"आक्का, त्या पाळीला रागावलात?"

"रागावनारच. शेत हाय माजं. भांडायचं काम माजं, न ऐकायचं तुजं. तू ऐकलं आस्तंस तर मला परत तितं बसाय लागलं आस्तं."

मी धीर करून विचारलं, शेत का ठेवलंत? ती सरळ म्हणाली, "लोभ रं. दुसरं काय?" आणि दोन कांदे उपटून झाल्यावर म्हणाली, "आन् शेत परत दिलं आस्तं तर ह्यांनी मला देवी करून तितंच बसवली आस्ती. देवीचा डोळा चुकला तर कुनी सांगत न्हाई." यातलं खरं उत्तर कुठलं, हे मी तिला विचारलं नाही. आज इतकी वर्षं होऊन गेली, अजून माझा मी कधी एक धरतो, कधी दुसरं.

प्राध्यापकांना माझा अहवाल आवडला नाही. निष्कर्ष गोंधळाचे आहेत असं ते म्हणाले. ते बरोबरच होतं. गावात मात्र हवालदारानं दारासाठी एक बिनशेतीचा माणूस नेमला आणि पाटाखाली त्याची कधीही जमीन होता कामा नये, असं एक जादा कलम स्वतःच्या अक्षरात छापील कागदाच्या खाली लिहिलं. वरून आलेल्या साहेबानं ते खोडलं. यानं पुन्हा लिहिलं.

पुढं एकदा साताऱ्यात हवालदार भेटला. पक्का बंधारा झाल्याचं त्यानं सांगितलं, मग बायजाक्का गेल्याचं सांगितलं. ऐन हंगामात, दोन दिवसांच्या तापानं.

"आक्काचा जीव गेला तवा तिच्याच रानाला पानी चालू हुतं," तो म्हणाला. "समदं गाव पाटाच्या दाराशी गोळा झालेलं. सावली सरली. दारावरच्या गड्यानं माज्याकडं बगितलं. मी मान हलवली. बंद केलं दार, मास्तर. एक चूळभर पानी जास्त दिलं न्हाई आमी आक्काला."

एवढं सांगून तो उंचापुरा हवालदार भर रस्त्यात हुंदके देऊन रडायला लागला.